हौशाच्या पाठीवरचे पंजे

विठ्ठलरावांची मोटारीची होडी म्हणजे सगळ्या पंचक्रोशीला थट्टेचा विषय होता. यवतमाळच्या एका जिनिंगचा गोरा साहेब बदकांच्या शिकारीला वापरायचा ती ही होडी. साहेब विलायतेला परतला आणि विठ्ठलरावांनी ती इंजिनासकट बैलगाडीवर लादून गावच्या तलावावर आणली. आता सांगा, दारव्ह्याकडे कपाशी-तुरीची शेती करणाऱ्या माणसाला, त्यातही वैशाखात जिथं तलावाच्या तळाला भेगा पडतात तिथं, मोटारीची होडी हवी कशाला? गावानं विचारलं, सोयऱ्यांनी विचारलं, इंदुताईंनी तर रोज विचारलं. विठ्ठलराव नुसते हसायचे. हौस होती, दुसरं काय!

त्यांना एकच लेक, नलू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. मुलगे लाकडाचे बैल सजवतात आणि घरोघर बोजारा, म्हणजे बैलासाठी खाऊ-पैसे, मागत फिरतात. पाच वर्षांच्या नलूलाही बैल हवा होता. "बैल पोरायचे असतात," असं म्हणून इंदुताईंनी तिला उडवून लावलं. मग ती रडत रडत तलावावर गेली. तिथं होडी रंगवण्यासाठी पालथी घातलेली होती. नलूनं लाल रंगाच्या डब्यात दोन्ही हात बुडवले आणि बैलाच्या पाठीवर उमटवतात तसे होडीच्या बुडावर पंजे उमटवले.

"हा माहा बैल," ती म्हणाली. "याचं नाव हौशा."

विठ्ठलराव असे खूश झाले, की पंजे पाण्यानं जाऊ नयेत म्हणून त्यांनी वरून रोगण फिरवलं. झालं, तेव्हापासून तो रिवाजच पडला. दर तान्ह्या पोळ्याला होडी पालथी घालायची, रंगाचा नवा हात द्यायचा, त्यावर नलूचे पंजे, पंज्यांवर रोगण. हौशाच्या कपाळावर झेंडूची माळ आणि नलूच्या हातावर बोजारा. शहाण्या माणसानं होडीचं बूड बैलाच्या पाठीसारखं कधी रंगवलं नसेल, पण विठ्ठलरावांना शहाणं म्हणायला गेलं होतं कोण?

नलूचं लग्न कारंज्याला झालं. माहेरपण संपलं की ती दारव्ह्याच्या स्टेशनावर छोट्या गाडीत बसायची. इंदुताई तिला पोचवायला जायच्या. विठ्ठलराव मात्र स्टेशनाकडे फिरकायचे नाहीत. ते तलावावर होडी सज्ज ठेवून धुराची वाट बघत बसायचे, कारण रूळ तलावाच्या काठाकाठानं जात होते. गाडी आली की ते इंजिनाची दोरी ओढायचे आणि लेकीच्या खिडकीच्या रोखानं होडी सोडायचे. नलू खिडकीतून हात हलवायची. तोंड उघडं, दात दिसायचे. पोर कशी खळखळून हसते आहे, असं त्यांना वाटायचं. पण ही शर्यत काठावरच्या पळसापर्यंतच. पळसापाशी होडी दमायची, गाडी पुढं निघायची, आणि तो हात लहान लहान होत धुरात मिसळून जायचा. विठ्ठलराव इंजिन बंद करून पाण्यात नुसते बसून राहायचे. पळसापासून तलावाच्या टोकापर्यंतचं ते पाणी त्यांना छळायचं. तेवढं पाणी लेकीच्या बरोबरीनं जाता आलं असतं, तर ती सुखानं सासरी गेली असं मनाला पटलं असतं.

त्या वर्षी जावयांना भिलाईच्या कारखान्यात नोकरी लागली. दिवाळी करून दोघं तिकडेच जाणार होती. कारंजा म्हणजे काय, मनात आलं की सणाला येता यायचं. भिलाईहून पोर कधी येणार? विठ्ठलरावांचं जेवणावरून लक्ष उडालं. या खेपेला गाडी गाठायचीच, तलावाच्या टोकापर्यंत नलूच्या खिडकीशेजारी राहायचं, हे त्यांच्या मनानं घेतलं.

त्यांनी आपला दोस्त नेमसिंग याला बोलावलं. नेमसिंग तांड्यावरचा, जिनिंगमध्ये फिटर, आणि विठ्ठलरावांइतकाच खुळा. दोघांनी इंजिन उघडून साफ केलं. पाण्यातल्या पंख्याची एक कड वाकली होती, ती कानशीनं सरळ केली. बसायची जादा फळी काढली, लोखंडी नांगर काढला. पेट्रोलचा डबा मागं होता, तो पुढं नेऊन बांधला. होडी पळसाच्या जरा पुढं जाऊ लागली, पण नाक आभाळाकडे करून ती आपली पाणी ढकलतच राहायची.

"दादा, इंजिनात खोट नाही," नेमसिंग म्हणाला. "हा डोंगा पान्यात चालून राह्यला. पान्यावर चढला पायजे, तवा पळंन."

"मंग काहून नाही चढत?"

नेमसिंगनं होडी पालथी घातली. बुडावर हात फिरवला आणि एका पोपड्याखाली नख घातलं. जुन्या भिंतीचा चुना निघावा तशी भाकरीएवढी खपली हातात आली. वर्षानुवर्षांचे थर, कुठं फुगलेले, कुठं फाटलेले, आत पाणी मुरलेलं.

"हे खरवडा लागते," तो म्हणाला. "हे ओझंबी हाये आन् पान्याले अडूनबी धरते."

खपलीवर लाल बोटं होती. विठ्ठलरावांनी ती त्याच्या हातातून हिसकावली. "हात लावशीन तर पाहाजो!"

नेमसिंग घरी गेला. विठ्ठलराव रात्री इंदुताईंपाशी बसले. त्यांना वाटलं होतं, बायको म्हणेल खरवडा, एवढंसं काय त्यात. पण इंदुताई म्हणाल्या, "राहू द्या जी. पळसापर्यंत दिसते, तेवढी लय झाली. दुरूनच बरी."

पंज्यांसाठी जीव तुटतो बिचारीचा, असं त्यांना वाटलं. त्यांचाही तुटतच होता. पण पंजे इथंच तलावावर राहणार होते आणि नलू गाडीनं जाणार होती.

सकाळी ते एकटेच तलावावर गेले आणि फुटक्या काचेनं बूड खरवडू लागले. सगळ्यात वरचे पंजे लग्नानंतरचे होते. एका बोटावर अंगठीची रेघ उमटली होती. त्याखाली शाळेतल्या नलूचे लांबसडक पंजे. ते गेले, तर त्याखाली त्याहून लहान. काच जसजशी आत जाई, तसतशी लेक लहान होत चालली. विठ्ठलरावांच्या डोळ्यांतलं पाणी काही केल्या खळेना. संसार करणारी, परकरातली, दुधाचे दात पडलेली, सगळ्या नलू भुसा होऊन त्यांच्या पायाशी पडल्या होत्या. शेवटी लाकूड आलं. लाकडालाच चिकटलेला, मुठीत मावेल एवढा पहिला पंजा दिसला, आणि त्यांचा हात थांबला.

मागं नेमसिंग येऊन उभा होता, कधीपासून कोण जाणे.

"तेवढा राहू द्या, दादा," तो म्हणाला. "तेवढ्यानं डोंगा अडत नाही."

दिवाळी झाली. नलू जायला निघाली, तेव्हा विठ्ठलराव नेहमीसारखे आधीच तलावावर होते. धूर दिसला, गाडी काठाला आली. त्यांनी दोरी ओढली. होडीनं आधी नाक वर केलं, सवयीप्रमाणे पाणी ढकललं, आणि मग एकाएकी इंजिनाचा सूर बदलला. नाक खाली आलं, फेस मागं पडला. हौशा पाण्यावर चढला होता! पळस आला आणि मागं गेला. विठ्ठलराव पोरासारखे ओरडले. गाडीचा एक डबा मागं पडला, आणखी एक, आणि ते नलूच्या खिडकीशेजारी आले. इतके शेजारी, की तिच्या कपाळावरचं कुंकू दिसलं.

नलू रडत होती.

हात तसाच हलत होता, तोंड तसंच उघडं होतं, दात दिसत होते. पण ते हसणं नव्हतं. पळसापासून जे त्यांना हसू वाटायचं ते हेच तोंड होतं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती गजांवर कपाळ टेकून ओरडत होती, "बाबा! बाबा!" त्यांनीही हात हलवला. दुसरं काय करणार? टोकापर्यंत ते तिच्या बरोबर गेले. मग तलाव संपला, होडी लव्हाळ्यात घुसून चिखलात रुतली आणि गाडी टेकडीआड गेली.

संध्याकाळी इंदुताईंनी विचारलं, "गाठली?"

"गाठली."

"दिसली?"

"दिसली." विठ्ठलराव खाली बघत म्हणाले, "हसून राह्यली होती."

इंदुताई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "गाडी हालली का तिच्या डोळ्याले धार लागते. दर बारीले. तुमाले लांबून दात दिसत, डोळे नाही दिसत."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"कायले सांगू? पोरगी हसत गेली म्हनून तुमी घरी येत, दोन घास जास्त खात. मी काय पंज्यायसाठी नको म्हनत होती?"

पुढच्या तान्ह्या पोळ्याला भिलाईहून नलू आली नाही. होडी काठावर पालथी पडली होती, उघडं लाकूड आणि त्यावर एक इवलासा पंजा. विठ्ठलराव रंगाचा डबा उघडून तसेच बसून होते. इतकी वर्षं या होडीला नावं ठेवणाऱ्या इंदुताई आल्या, त्यांनी पदर खोचला, दोन्ही हात डब्यात बुडवले आणि त्या इवल्या पंज्याच्या दोन्ही बाजूंना आपले पंजे उमटवले.

"डोंगा जड होईन," विठ्ठलराव म्हणाले.

"होऊ द्या," इंदुताई म्हणाल्या. "आता कोनाले गाठाचं हाये?"