मुठीचा खळगा

मी एक जुने आसन आहे, मित्रांनो. माझा कापूस दबला आहे, कडेची शिवण दोनदा उसवली आहे. माझी गोष्ट सांगताना मला अभिमानापेक्षा लाजच जास्त वाटते. तरी ऐका.

१९९४ साली नाशिकला, सातपूरच्या एका कॉलनीत सुलाबाईने मला शिवले. तिचे जुने लुगडे आणि फाटक्या गादीतला कापूस यांतून माझा जन्म झाला. त्यामागचे कारण मात्र चांगले नव्हते. तिचा नवरा सावळीराम कारखान्यात कामगार होता. मनाने वाईट नव्हता, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर. एका दुपारी भाजी खारट झाली म्हणून त्याने ताट भिरकावले. ते त्याच्या दहा वर्षांच्या लेकीला, राखीला, भुवईवर लागले. तीन टाके पडले. डॉक्टरांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "पायरीवरून पडले." आपल्यासाठी पोरीला खोटे बोलावे लागले, हे सावळीरामच्या जिव्हारी लागले.

संध्याकाळी तो विहारात गेला. तिथे निवृत्त नर्स चंद्रभागाताई लोकांना ध्यानाला बसवत.

"ताई, माझा हात माझ्या ताब्यात नाही."

"हाताचं नंतर बघू," ताई म्हणाल्या. "सकाळी अंघोळ झाली की चहाच्या आधी दहा मिनिटं बस. रोज एकाच जागी. श्वास येतो, जातो, तेवढंच बघ. मन पळालं तर त्याच्यावर खेकसू नको, हळूच परत आण."

अशी माझी जागा खिडकीखाली ठरली. सुरुवातीला सावळीराम तीन मिनिटांत चुळबुळू लागे. गुडघे दुखत, डोळे मिटले की सुपरवायझर दिसे. एका डोळ्याने तो घड्याळ बघे. पण अंघोळ, मी आणि मग चहा, हा क्रम त्याने सोडला नाही. सहा महिन्यांनी दहा मिनिटे कधी सरली ते त्याला कळेनासे झाले. एकदा राखीच्या हातून गरम दूध त्याच्या कामाच्या कपड्यांवर सांडले. पोर भिंतीला चिकटून उभी राहिली. सावळीरामने एक लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "सरक बाळा, पाय भाजेल." फडके त्यानेच आणले. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

पुढे कौतुक सुरू झाले आणि तिथेच बिघडले. सावळीरामला भाषणाला बोलावणी येऊ लागली. "मी रोज बसतो, एक दिवस चुकवत नाही," असे तो सांगे. सुलाबाईने मला मरून रंगाची नवी खोळ शिवली. तो मला काखेत घेऊन जाई, लोक मला हात लावून बघत. मीसुद्धा फुगले होते.

भाषणे आटोपून घरी यायला उशीर होई, सकाळी जाग येईना. आधी एक दिवस चुकला, मग आठवडा. पण हे सांगायचे कसे? मग कामावर जाताना तो माझ्या मधोमध मूठ दाबून जाऊ लागला. खळगा दिसला की घरच्यांना वाटावे, बसून गेला. आणि मी तो खळगा संध्याकाळपर्यंत जपून ठेवत असे. दोन वर्षे मी त्या खोट्याला साथ दिली.

२००२ साली राखीची बारावीची परीक्षा आली. एका सकाळी ती म्हणाली, "पप्पा, लय टेन्शन आलंय. झोपच लागत नाही. मला तुमच्यासारखं बसायला शिकवा ना."

त्याने तिला माझ्यावर बसवले. तिने नाक खाजवले. "नीट बस!" तिने डोळे उघडले. "मिट म्हटलं ना!" ती पुन्हा हलली, त्याचा आवाज चढला आणि हात वर गेला. राखीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. तिचे सगळे अंग आक्रसलेले मला कळले.

हात हवेतच थांबला. सावळीराम मटकन फरशीवर बसला.

"राखी, मी बसतच नाही. दोन वर्षं झाली. नुसती मूठ दाबून जातो."

स्वयंपाकघराच्या दारात सुलाबाई उभी होती. ती निफाडकडची, बोलणे अजून गावचेच. "म्हाईत हाय मला. माणूस बसल्याचा खळगा आन् मुठीचा खळगा, येवढं बी कळत नाय व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

तिने पदर सारखा केला. "भ्या वाटत व्हतं."

सावळीरामने माझ्यावर तोंड दाबले. माझी खोळ ओली झाली. सगळा विहार त्याला शांत माणूस म्हणत होता आणि त्याच्याच घरात त्याची बायको भीत भीत दिवस काढत होती.

रविवारी विहारात उभे राहून त्याने सगळे सांगितले. काही जण हसले, काही उठून गेले. भाषणाची बोलावणी बंद झाली. चंद्रभागाताई एवढेच म्हणाल्या, "उद्या दोन मिनिटं बस."

"दोनच?"

"दोनच. पण बस."

तो बसला. बसेल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करी. चुकला तर घरात मोठ्याने सांगे, "आज चुकलो." दोनाची पाच मिनिटे व्हायला वर्ष गेले. मग एकदा जेवताना सुलाबाई सरळ म्हणाली, "आज भाजीत मीठ जास्ती झालंया." आणि पुढे जेवू लागली.

२००९ साली राखी तीन महिन्यांची मुलगी घेऊन माहेरी आली. सकाळी सावळीराम माझ्यावर डोळे मिटून बसला होता. राखी दारात बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग पुढे येऊन म्हणाली, "पप्पा, हिला धरा जरा. मी कपडे वाळत घालून येते." तिने मुलीला त्याच्या मांडीवर ठेवले आणि मागे वळून न बघता गच्चीवर गेली. सावळीराम रडत होता, पण मांडी त्याने जराही हलू दिली नाही.

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, उसवले तर टाका घाला. मात्र माझी कौतुके सांगत फिरू नका. रोज थोडे बसा, आणि चुकलात तर तसे सांगा. तुमच्या रागाला भिणारे कोणी घरात असेल, तर ते तोंडाने काही बोलणार नाही. तुम्ही खरेच शांत व्हाल, याची ते वाट बघत आहे.