पटक्याचा पांढरा

पटक्याचा पांढरा, पण तो पांढरा होता कुठे? पहिल्या फोटोत निळसर, दुसऱ्यात ताकासारखा पिवळट, तिसऱ्यात ढग आल्यामुळे राखाडी... मोठा करून पाहिला की नुसते चौकोन, आणि त्या चौकोनांखाली कुठेतरी दादांचं कपाळ. सोमेश्वरने त्यावर माऊस टेकवून टिचकी मारली. माळावरचं सगळं गवत ताळ्यावर आलं.

वडवणीतल्या त्याच्या स्टुडिओत दुपारी गिऱ्हाईक नसतं. माळाच्या मालकांना, राधाकिशनरावांना, नव्या बंगल्यात भिंतभर आपली जमीन हवी होती – हौसेला मोल नसतं – पाच फोटो कडांना एकमेकांवर चढवून जोडलेला एकच लांब फोटो. सोमेश्वरने घाईत रंग-उजेड ठरवायचं काम कॅमेऱ्यावरच सोडलं होतं, म्हणून प्रत्येक फोटोचा रंग निराळा. अशा वेळी फोटोंतली एखादी पांढरी वस्तू धरायची. तिच्यावरून बाकीचे रंग जुळतात. माळावर पांढरं काय असणार? दादांचा पटका.

दादा, म्हणजे त्याचे वडील मुंजाजी, त्या दिवशी तिथेच काळी मेंढरं चारत होते. पोरगा फोटो काढतोय म्हणजे आपलाच काढतोय, या खात्रीने ते काठी आवळून ताठ उभे राहिले. कॅमेरा उजवीकडे वळला की तेही लगबगीने उजवीकडे यायचे, पटका सारखा करायचे, श्वास रोखायचे. चार फोटोंत चार दादा. किती हसला होता तो तेव्हा... आणि पुढच्याच आठवड्यात दादा लिंबाखाली आडवे झाले ते उठलेच नाहीत.

परवा दहावा झाला. आईने रडून रडून आवाज घालवला. सकाळी चहा देताना मोहिनी, त्याची बायको, म्हणाली, "रडा की वो थोडं. असं दगडावानी काहून बसलात?" त्याने डोक्यावरच्या खुंटांवरून हात फिरवला. चहा गोड होता एवढं कळलं. मला काहीच कसं होत नाही – याची भीती वाटायला हवी होती, तीही नीट वाटत नव्हती.

चौथा पटका जुळला, तेवढ्यात राधाकिशनरावांचा फोन.

"झालं का रं, सोमेश्वर? अन् हे बघ... मुंजाजी लई भला माणूस, पर भिंतीवर ते नको. नुस्ती जमीन दिसू दे."

"हाव, मालक."

पुसायचंच होतं. शेजारचं गवत उचलून माणसावर ठेवायचं. लग्नाच्या फोटोंतून त्याने कितीतरी नकोसे पाहुणे असे उडवले होते. पण आधी पाचवा फोटो जुळायला हवा, आणि पाचव्यात दादा नव्हते. "आता बास. लई झाले फोटू," म्हणत ते मेंढरांकडे निघून गेले होते. त्यात पांढरं काहीच नाही. अंदाजाने करू गेला तर माती कधी जांभळी, कधी विटकरी. आभाळातला सांधा दिसतच राहिला. शेवटी त्याने चौथ्यातले दादा उचलले आणि पाचव्यात उभे केले – नुसते नजरेला मापासाठी. पटका पांढराशुभ्र. पायांखाली सावली नव्हती.

एकच तर फोटो राहिला होता. मेंढरं काय पळून चालली होती? दोन पावलं इकडे यायला काय झालं होतं... त्याला राग आला, कानशिलं तापवणारा, खराखुरा, दादांचाच राग.

"थांबायचं होतं की, दादा!" तो रिकाम्या दुकानात ओरडला, आणि स्वतःचा आवाज त्याला एखाद्या लहान पोराचा असावा तसा ऐकू आला. त्याने माऊसचा बाण पुसायच्या खुणेवर नेला, बोट बटणावर ठेवलं. ते दाबायचं का, हे त्याला ठरवता येईना. राग वाढत होता, आणि तो ओसरू नये असं त्याला फार वाटत होतं.