तीन शब्दांची चिठ्ठी

मुंबई कोणाची, हे संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून ओरडून सांगताना शरदचंद्रांचा घसा बसला, तेव्हा त्यांनी गिरगावातल्या आपल्या वाडीतली एक खोली रिकामी केली आणि तिथे या बेटाच्या मूळ माणसांचं संग्रहालय मांडलं. जाळी आली, वल्ही आली, मासळीच्या पाट्या आल्या. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लिहिण्याचं काम त्यांच्या पुतणीकडे, सुमतीकडे आलं, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. अक्षर मोत्यासारखं असलं की आपल्याला सगळंच कळतं असं माणसाला वाटू लागतं.

भिंतीवर मधोमध एका कोळणीचा फोटो होता. उजवा हात डोक्यावरच्या पाटीला लावलेला, कोपरापर्यंत मोकळा. डावा हात पदराआड, कपाळावर पाटीची सावली. सुमतीने ते उघडं मनगट पाहिलं, मनात हळहळली आणि खाली लिहिलं, ‘विधवा कोळीण, शिवडी.’

उद्घाटनाच्या दिवशी तीच कोळीण, रखमा, नणंदेला घेऊन बसने आली. नवं लुगडं, केसांत अबोली, कपाळावर ठसठशीत कुंकू, डाव्या हातात हिरवा चुडा.

"बाय, खाली काय लिवलंय?" रखमाने विचारलं.

"कोळीण, शिवडी," सुमती म्हणाली. एक शब्द गिळला की सुटलो, असं तिला वाटलं.

"शबूद तर तीन दिसतान."

सुमतीने उलट विचारलं, "तुमच्या उजव्या हातात बांगड्या का नाहीत?"

"लग्नात दर्याला दिल्या. आमच्यात देतान, दर्यानं धनी सांभालावा म्हनून. चार दिस झाले, धनी दर्यातच हाय."

आता खोटं रेटवेना. खाली मान घालून सुमतीने तो शब्द सांगून टाकला. नणंदेने तोंडावर हात घेतला. रखमाने फोटोवरची नजर सुमतीकडे वळवली.

"तुला मी वलखलीच नाय," ती म्हणाली. "तू आलीवतीस शिवडीला?"

आली तर होती. पण वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला, तसा तिने नाकाला रुमाल लावला आणि कॅमेरा घेतलेल्या धाकट्या भावाला, अच्युतला, एकट्यालाच पुढे पाठवलं. ज्यांच्या जोरावर मुंबई मागायची, त्यांना एक प्रश्न विचारायला बाईसाहेब चार पावलं चालल्या नव्हत्या. सुमतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रस्त्यापर्यंत आले होते," ती पुटपुटली.

"यातला तो शबूद कंचा?"

सुमतीने त्यावर बोट ठेवलं. रखमाने अंगठा जिभेला लावला आणि तो शब्द घासत राहिली, शाई फिसकटून कागदाला भोक पडेपर्यंत.

"मी दुसरी चिठ्ठी लिहिते," सुमती कशीबशी म्हणाली.

"नको," रखमा म्हणाली. "बाकीचं राहू दे. शिवडी बरोबर हाय."