सिंहाच्या शेपटीवरची जाळी

टेबलावर जुन्या शहराचा एक नकाशा होता, चार पेन्सिली, एक पट्टी आणि बिस्किटांची एक बशी. बशीत सात बिस्किटं. नकाशाच्या दोन बाजूंना दोन बहिणी. चहा अजून यायचा होता. तो भावजींच्या ताब्यात होता, आणि भावजी चहाला उभे राहिले की चहाच्या आधी भांड्यांचा आवाज बाहेर येई.

धाकटी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. मालकाकडून शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळवताना तिच्या नाकी नऊ आले होते. जायचं होतं ते एका छतासाठी. त्या शहरातल्या जुन्या ग्रंथालयाच्या छतावर सगळी तारामंडळं रंगवलेली आहेत. शाळेत असताना दोघींनी त्याचं चित्र एका पुस्तकात पाहिलं आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की हे पाहायचं तर दोघींनी मिळून, एकटीने कुणी जायचं नाही. पुढे नोकऱ्या, ताईचं लग्न, आईचं आजारपण यांत ते मागे पडत गेलं. पण शब्द कुणी मोडला नव्हता. निदान धाकटी तसं धरून चालली होती.

"वाच गं, स्टेशनवरून कसं जायचं ते," ताई म्हणाली.

"नकाशा तुझ्यापुढे पसरलाय. तूच बघ की."

"तू वाच. लहानपणापासून मास्तरीणबाई व्हायची हौस तुला."

धाकटीने पेन्सिल उचलली. "वेशीतून आत शिरायचं, मग ही पायऱ्यांची गल्ली चढली की थेट ग्रंथालय."

"त्या गल्लीने नको. पायऱ्या पार झिजल्यात, पाय घसरतो. बाजारातून जाऊ, सपाट आहे."

"तुला काय माहीत?"

"जुन्या शहरात पायऱ्या झिजलेल्याच असणार. त्याला काय अक्कल लागते?"

धाकटी हसली. तिने बाजारातून रेघ ओढली. "बरं बाई. पण सकाळीच जायचं हं. खिडक्या पूर्वेला आहेत, ऊन आत आलं की छतावरचा सिंह झळाळत असेल."

"सिंहाचं काय घेऊन बसलीस? शेपटी तर जाळीमागे गेली त्याची," ताई म्हणाली आणि बशीकडे हात नेला.

धाकटीने त्या छताचे मिळतील तेवढे फोटो पाहिले होते. एकातही जाळी नव्हती.

"कसली जाळी?"

ताईचा हात बशीवरच थांबला. नेमके त्याच वेळी भावजी तीन कप घेऊन आले आणि उत्साहाने म्हणाले, "अगं, गिलावा पडतोय ना तिथला, म्हणून बांधलीय. आम्ही गेलो त्याच्या आदल्या आठवड्यातच—" मग त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला.

"यांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ," ताई पुटपुटली.

"तुम्ही जाऊन आलात?" धाकटीने विचारलं. "गेल्या महिन्यात? भावजींच्या मित्राकडे म्हणून गेलात तेव्हा? मी रोज इथे येऊन तुमच्या झाडांना पाणी घालत होते, ताई!"

"ऐकून तर घे."

"कुंड्या उन्हात फिरवत होते मी! फुलं आली म्हणून तुला फोन करून सांगितलं!"

भावजींनी कप खाली ठेवले. "मीच म्हटलं जाऊ या. तिला तिथे... म्हणजे, आधी एकदा जाऊन आलेलं बरं, असं वाटलं."

"कशाला आधी?"

भावजींनी ताईकडे पाहिलं. मग ताईच म्हणाली, "कुठे चढ आहे, कुठे वळायचं, कुठे मान वर करायची, हे कळावं म्हणून. डोळ्यांचं मधलं जातंय गं माझ्या. बाजूचं दिसतं, चालता-फिरता येतं. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलेलं. डॉक्टर म्हणाले, थांबायचं नाही ते. वर्ष झालं."

"मग छत?"

"रंग दिसला थोडा. बाकीचं यांनी सांगितलं. सिंह, शेपटी, जाळी. मी पाठ केलं."

धाकटीच्या मनात आधी राग आला नाही, हिशेब आला. शिकत असताना ती ताईच्या डोळ्यांवर सराव करायची. अक्षरांचा तक्ता आतल्या खोलीच्या दारामागे लावलेला होता आणि दरवर्षी एकदा ती त्याच्यावरच ताईला तपासायची. तक्ता कधी बदलला नव्हता. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाला तिने असं तपासलं असतं, तर मालकाने तिला घरी बसवलं असतं.

"आणि दारामागचा तक्ता?"

"तुझ्या परीक्षेच्या वेळी रात्रंदिवस म्हणून दाखवायचे तुला. झोपेतही सांगेन."

"म्हणजे मागच्या वेळी शेवटची ओळ वाचलीस, आणि मी तुझी पाठ थोपटली."

"हो."

"घरात डोळ्यांतलं कळणारी मी एकटी. भावजींना सांगितलंस, मला नाही."

"तुझ्याबरोबर गेले असते तर तू छत पाहिलं असतंस का? माझे डोळेच बघत बसली असतीस. मला वाटलं, दोघी उभ्या राहू, तू बघ, मी मान वर करते. तुला कळलंही नसतं."

"नाटक करणार होतीस माझ्यासमोर. आणि त्याची तालीमही करून आलात!"

"बाळ, तसं नाही गं."

"बाळ म्हणू नकोस." धाकटी उठली. तिने खुर्ची भिंतीला लावली आणि दिव्याखाली उभी राहिली. "इथे बसा."

"अगं, मला काय अहो-जाहो करतेस?"

"दुकानात सगळ्यांना करते. बसा. डावा डोळा तळहाताने झाका. बोटं किती?"

"आपण शनिवारी जातोय ना?" ताईने विचारलं.

"बोटं किती?"

"तीन."

धाकटी एक पाऊल मागे सरली. "आता?"

"दोन."

अजून एक पाऊल. ताईने मान किंचित वळवली, कडेने पाहिलं, मग सरळ केली. "चार. नाही... थांब."

धाकटीने एकच बोट धरलं होतं. तिने भावजींकडे मोजायची टेप मागितली. त्यांनी खणातून ती काढून दिली आणि न सांगता दुसरं टोक खुर्चीपाशी धरलं. ताईने हात बदलला, उजवा डोळा झाकला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. चहावर साय धरली होती.

उजवा डोळा, बोटं मोजता येतात: एक मीटर नव्वद सेंटिमीटरपर्यंत. डावा: एक मीटर दहा.