शंभरातले दहा

“सर, ‘जनरली’ म्हणजे शंभरातले किती?” लिनबाईंनी वहीतून मान वर न करता विचारलं.

“नव्वद,” मी ठोकून दिलं.

लंडनमध्ये ईलिंगच्या लायब्ररीत दर गुरुवारी सकाळी मी चिनी मंडळींना इंग्रजी बोलायला शिकवतो. माझ्या थापा ऐकायला घरी कोणी उरलं नाही, हे त्यामागचं खरं कारण. त्या दिवशी सांगत होतो की इंग्रज माणूस ‘सगळे’ असं सहसा म्हणत नाही. ‘बाय अँड लार्ज’ म्हणतो, ‘टेंड टू’ म्हणतो. वाक्याला मागचं दार ठेवतो, अंगाशी आलं की सटकायला. उदाहरणं माझ्याच पदरची. ग्लासगोची माणसं सहसा नव्या छत्रीचं बारसं करतात, म्हटलं. वर्ग हसला. मग त्याच ओघात आणखी एक सोडून दिलं : घरात कोणी गेलं की इंग्रजांना सहसा दारात माणूस नको असतं. कार्ड टाकायचं, मागे फिरायचं.

लिनबाईंनी नेमकं तेच उतरवून घेतलं होतं.

तीन आठवड्यांनी वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या. त्यांच्या शेजारच्या जीनबाईंचा नवरा गेला होता. जीन म्हणजे या देशात लिनबाईंना पहिल्यांदा चहाला बोलावणारी, हात धरून डॉक्टरकडे नेणारी ऐंशीची म्हातारी.

“मी कार्ड टाकलं, मागे फिरले. तिला अवघड वाटू नये म्हणून पडदेही बंद ठेवले. काल कुंपणापाशी तिनं विचारलं, माझं काही चुकलं का?” वहीचं ते पान त्यांनी माझ्यापुढे धरलं. “सर, जीन त्या उरलेल्या दहांतली आहे का?”

मला पुढची थाप शोधावी लागत नाही. ती जिभेवर बसलेलीच असते. त्या दिवशी नव्हती.

“तुम्ही किती जणांना विचारलं होतं?” लिनबाईंनी विचारलं.

“कोणालाच नाही. आजच जा तिच्याकडे,” एवढंच म्हणालो.

घरी येऊन क्रॉयडनला लेकीला, मीनलला, फोन लावला. सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, “अगदीच थाप नव्हती गं. तुझी आई गेली तेव्हा या गल्लीतलं कुत्रंही फिरकलं नाही.”

“बाबा, सीरियसली? नेक्स्ट डोअरचा कॉलिन आला होता. होममेड कॅसरोल घेऊन. तुम्ही त्याला दारातच म्हणालात, ‘वी टेंड टू कीप इट इन द फॅमिली.’ मी मागेच उभी होती. ही वॉज सो एम्बॅरस्ड. डिश पायरीवर ठेवून गेला तो.”

“मी असं म्हणालो?”

“वरच्या शेल्फवर बघा. अजून तिथंच असेल.”

होती. झाकणाची निळी डिश. कॉलिन आला तेव्हा मी बायकोचा, शशीचा, गाऊन अंगावर चढवून रडत बसलो होतो. त्या अवतारात परक्याला आत कसं घ्यायचं? म्हणून ते वाक्य अख्ख्या महाराष्ट्राच्या नावावर खपवलं. डिश घासून ठेवली. पण आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि भरून देणारी तर गेली होती. चार वर्षं डिश वर राहिली आणि मी ‘कोणी आलं नाही’ म्हणून सांगत फिरलो.

पुढच्या गुरुवारी लिनबाईंना म्हणालो, “जीनला सांगा, सरांनी खोटं शिकवलं.”

“त्याच दिवशी गेले होते. मला बरं नव्हतं, असं सांगितलं.” त्या वही पिशवीत घालत होत्या. “आमच्याकडे शिक्षकाची चूक बाहेर सांगत नाहीत.”

“शंभरातले किती?”

“माहीत नाही. मी नाही सांगितली.”

संध्याकाळी शिरा केला. खाली लागला. वरचावरचा निळ्या डिशमध्ये भरला आणि शेजारी कॉलिनची बेल वाजवली. आतून पावलं यायला वेळ लागला. बुडाचा चटका तळव्याला बसत होता; डिश मी खाली ठेवली नाही.