कप्तान ठिगळ आणि दोरा धरणारी मुलगी

दुपारच्या खेळाला बाबा आले ते केवळ लेकीच्या हट्टापायी. सत्तरी उलटली तरी पुस्तकबांधणीचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. पण 'कप्तान ठिगळ' या जुन्या चित्रकथेवर कार्टूनचा सिनेमा आला होता आणि लेकीने महिनाभर आधीपासून घर डोक्यावर घेतलं होतं. चाळिशी ओलांडलेली, कॉलेजात शिकवणारी बाई तिकिटं हातात घट्ट धरून उभी आहे, हे बघून ते गालातल्या गालात हसत होते.

बाहेर पडताना मात्र तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"सत्यानाश केला," ती म्हणाली. "पार वाटोळं केलं, बाबा."

"मला बरा वाटला बुवा."

"तुम्ही घोरत होतात!"

"डोळे मिटून ऐकत होतो. तू सारखी चुकचुकत होतीस, त्याने जाग यायची."

बसस्टॉपच्या बाकावर बसून तिने एकेक गुन्हा मोजायला घेतला. कप्तानाचा आवाज केवढा गुळगुळीत! तो घोगरा हवा, आठवडाभर सर्दी झाल्यासारखा. आणि त्याचं ते उडणारं बलून? ज्याचं नावच ठिगळ, त्याच्या बलूनला सुरुवातीपासून एकही ठिगळ नसावं?

"तेही एक वेळ सोडून देईन. पण ती मुलगी? ती काढूनच टाकली!"

"कुठली मुलगी?" बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"कुठली काय विचारता? तुम्हीच वाचून दाखवलंत ना मला? समुद्रावर बलून फाटतं. कप्तान सगळ्यांकडे कापड मागतो. म्हातारा सदरा देतो, आचारी टोपी देतो. मुलीकडे द्यायला काहीच नसतं, ती रडकुंडीला येते. तर कप्तान म्हणतो, 'रडतेस काय? दोरा ताठ धर. तू धरलास म्हणून तर मला शिवता येतंय.' आणि यांनी काय दाखवलं? डब्यातून गोंद काढला, फासला, झालं. गोंद!"

"गोंदाला नावं ठेवू नकोस. तुझं सगळं शिक्षण गोंदावर झालंय."

"तुम्हाला नाही कळायचं, बाबा," ती फटकन बोलून गेली. "असली एक ओळ सुचायला जन्म जातो माणसाचा. ज्याने ती लिहिली, त्याला आज काय वाटलं असेल?"

बाबा काच पुसतच राहिले. ती केव्हाच लख्ख झाली होती.

"बरं वाटलं असेल त्याला," ते म्हणाले. "कुणाच्या तरी लक्षात राहिली म्हणून." मग चष्मा डोळ्यांवर चढवत, "समज, भेटला तो तुला. काय म्हणशील?"

"ते मी त्याला सांगेन. तुम्हाला कशाला?"

"बरं बाई. भेटला तर सांग मात्र. राहून जातं."

बस आली. दोघं घरी गेले, उरलंसुरलं जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापत ठेवून बाबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत टेकले ते उठलेच नाहीत. दूध उतू गेल्याच्या वासाने ती आत आली.

त्यानंतरचे दोन महिने ती नेटाने वागली. कॉलेजात गेली, पेपर तपासले, भेटायला येणाऱ्यांना पाणी दिलं. रडू आलं नाही. 'तुम्हाला नाही कळायचं' हे आपलं वाक्य तेवढं मध्येच कानाशी यायचं, आणि ते आलं की ती मनातल्या मनात त्या सिनेमावाल्यांशी भांडायला लागायची. कुणाशी तरी भांडायलाच हवं होतं.

शेवटी कप्तान ठिगळच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, त्यावर तिने लांबलचक पत्र लिहिलं. घोगरा आवाज, ठिगळं, ती मुलगी, सगळं सविस्तर. ठिगळांच्या बाबतीत सगळ्यांनी तिची बाजू घेतली. पुढे मात्र गाडं अडलं.

'चित्रकथेला आवाज असतो हे आजच कळलं, ताई,' एकाने चिमटा काढला.

'मुलगी कुठली? शंभरदा वाचलंय. गोंदाचाच डबा आहे. सिनेमात तेवढं एकच बरोबर दाखवलंय,' दुसरा म्हणाला.

ती हटली नाही. तुमची आवृत्ती नंतरची असेल, म्हणाली. तेव्हा ग्रुपमधल्या एका दातांच्या डॉक्टरांनी, वाद न घालता, आपल्याकडच्या सातव्या अंकाचे फोटो पाठवले. पहिली आवृत्ती. पृष्ठ तेवीस ते सव्वीस. बावीसच्या शेवटी बलून फाटतं, तेविसाव्यावर कप्तान डबा उघडतो. मुलगी नव्हती. दोरा नव्हता. सुईसुद्धा नव्हती.

आता तिला राग आला नाही, भीती वाटली. बाबांच्या आवाजातली ती चार पानं तिला शब्दन् शब्द पाठ होती. तीच जर खोटी असतील, तर आपल्याला बाबांचं दुसरं तरी काय खरं आठवतंय?

बाबांनी ती पानं वाचली तेव्हा ती पाच वर्षांची होती. आई हॉस्पिटलात नर्स, तिची दुपारची पाळी असली की लेक संध्याकाळी दुकानात असायची. वाचनालयाच्या मुलांच्या विभागातून जुन्या अंकांचा फाटका गठ्ठा बांधणीला आला होता. बाबांचा नियम कडक: गिऱ्हाइकाच्या पुस्तकाला घरच्यांनी हात लावायचा नाही. म्हणून काम आवरल्यावर ते हात धुऊन एकेक अंक स्वतःच्या तोंडासमोर धरायचे आणि कप्तानाच्या आवाजात वाचायचे. पुठ्ठ्याच्या धुळीने त्यांचा घसा कायम बसलेला असायचा. ती समोर, टेबलाच्या पलीकडे; शिवणीच्या दोऱ्याला मेण लावायचं काम तिचं. तिला पुस्तकाची पाठ तेवढी दिसायची. पुढे मोठी झाल्यावर तिने ते शोधलंही नाही. पाठ असलेलं पुस्तक कोण शोधत बसतं?

ती वाचनालयात गेली. ग्रंथपाल बाईंनी नोंदवहीतलं तिचं आडनाव पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"बांधणीवाल्या काकांच्या का तुम्ही? ते वर्षातून एकदा यायचेच. आपण बांधलेली जुनी पुस्तकं काढून शिवण चाचपून बघायचे. आम्ही म्हणायचो, काका, घरी बसा आता. तर म्हणायचे, 'लेकी सासरी दिल्या म्हणून विचारपूस सोडायची का?'"

ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

कप्तान ठिगळचा खंड टेबलावर आला. कोपरे झिजले होते, पण शिवण पक्की होती. तिने सातवा अंक काढला. बावीस. बलून फाटत चाललेलं. तिने समोरच्या पानाकडे पाहिलं.

कोरं.

पुढचंही कोरं. जाड, पिवळट पडलेले दोन कागद, अंकाच्या मापाने कापून नीट शिवलेले. पहिल्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, बाबांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पृ. २३ ते २६ नाहीत. मिळाल्यास इथे लावावीत.'

हीही त्यांचीच पद्धत. हरवलेल्या पानांची जागा मोडायची नाही. आज ना उद्या ती सापडतील, तेव्हा त्यांना बसायला जागा हवी.

तिने पुढे पाहिलं. सत्ताविसाव्यावर कप्तान किनाऱ्यावर उभा, बलून धड. म्हणजे त्या संध्याकाळी वाचता वाचता बाबा या कोऱ्या कागदांपाशी येऊन पोचले होते आणि बलून समुद्रात पडत होतं. थांबायची सोय नव्हती. समोर पाच वर्षांची मुलगी, एका हातात मेणाचा गोळा, उद्याच्या शिवणीसाठी मेण लावायचा दोरा दुसऱ्या हातात ताणून धरलेला. त्यांनी कागदावरून नजर उचलली असेल. बस, एवढंच.

आणि जन्मभर गोंदात हात असलेल्या माणसाला गोंदाचा डबा काही सुचला नाही! तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच इतके दिवस अडलेलं सगळं डोळ्यांतून वाहायला लागलं. ग्रंथपाल बाईंनी रुमाल पुढे केला. काय झालं हे तिने त्यांना तुटक तुटक सांगितलं. फोटोही दाखवले.

"मग ही खरी पानं छापून लावून टाकू या?" बाई म्हणाल्या. "जागा काकांनी ठेवलीच आहे."

"लावू या," ती म्हणाली. "त्यांनाही तेच हवं होतं. फक्त आज नको."

बाई समजुतीने उठून गेल्या. पलीकडच्या टेबलावर दोघं-तिघं वर्तमानपत्र वाचत होते. तिने खंड स्वतःच्या तोंडासमोर उभा धरला, ते धरायचे तसा, आणि मग खाली ठेवून कोऱ्या कागदावर तळहात टेकवला.

बसस्टॉपवर त्यांनी विचारलं होतं. तिने सांगितलं नव्हतं.

"भेटलात की," ती मोठ्याने म्हणाली. वर्तमानपत्रं खाली झाली, पण तिने आवाज कमी केला नाही. "तुमच्यामुळे मी वाचायला लागले, बाबा. आज जी काही आहे ती त्यामुळेच आहे. आणि ती मुलगी, ती फार सुंदर लिहिलीत तुम्ही."