टेन्शन घेऊ नका, वहिनी

वनमालाबाईंच्या कपाळावर नागीण उठून उजव्या डोळ्याकडं सरकत होती, आणि नेमक्या त्याच वेळी नवरा, अर्जुनराव, सरपंचपदाला उभा राहिला होता.

अंबाजोगाईच्या डॉक्टर नाजियांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं. "लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेत दडून बसतो. सततच्या काळजीनं अंगात एक रसायन वाढतं, त्यानं शरीराचे पहारेकरी सुस्तावतात, अन् हा उठतो. गोळ्या वेळेवर घ्या आणि झोपा. डोळा लाल झाला तर तसंच निघून या."

एवढ्यातलं एकच वाक्य अर्जुनरावांनी घरी आणलं: टेन्शन घ्यायचं नाही. तेही पारावर सांगून टाकलं. झालं! आजाऱ्याला भेटणं हा आपल्याकडं धर्म, त्यात निवडणूक. जो तो खाटेपाशी येऊन "टेन्शन घेऊ नका, वहिनी" म्हणायचा, मग आपल्या मेव्हण्याचा डोळा नागिणीनं कसा गेला ते रंगवून सांगायचा आणि ओसरीवर ठाण मांडायचा.

"च्या टाक गं," अर्जुनराव ओरडायचे. वर आत डोकावून तिला हळूच सांगायचे, "एकेका मताला किंमत हाय."

आता चहा टाकणार कोण? जिला झोपायला सांगितलं तीच! गॅसच्या धगीनं कपाळावरचे फोड चरचरायचे, आणि बाहेरून हाक यायची, आणखी दोन कप. वनमालाबाईंना नुसता वीट आला होता.

शुक्रवारी सकाळी आरशात डोळा लालभडक दिसला. समोरचं कॅलेंडर पुसट झालं होतं. सांगायला त्या ओसरीवर आल्या, तोच शेजारचे मोहनराव म्हणाले, "वहिनी, माझ्या च्यात साखर कमी पडली."

बस्स! त्या आत गेल्या, पिशवी भरली आणि साखरेचा डबा आणून मोहनरावांपुढं आदळला. "किती पायजे तितकी घ्या. मी चालले अंबाजोगाईला."

"अगं, माणसांदेखत काय हे?" अर्जुनराव कळवळले.

"एकेका मताला किंमत हाय म्हनता न्हवं? मत मला बी हाय. डोळाच गेला तर तुमचं चिन्ह कसं दिसंल मला?"

अर्जुनरावांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्याकडं पाहिलं. चेहरा उतरला त्यांचा. घाईघाईनं ते जीपची किल्ली हुडकू लागले. कोनाड्यात नाही, खुंटीला नाही.

"कुठं ठेवलीस गं किल्ली?"

"तुमच्या हातात हाय," वनमालाबाई म्हणाल्या. "चला."